उरलेल्या वेळेची शाळा

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. १९०० साली याच दिवशी सातारच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. येथे पापाटोएटोत आमच्या घरांतही त्या दिवशी बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लागते, मुले वंदना म्हणतात आणि शाळेच्या बसची वेळ झाली की निघून जातात. त्या नोंदीतील एका तपशिलाकडे मात्र आमचेही बरीच वर्षे लक्ष गेले नव्हते. भिवाचा तो शाळेतला पहिला दिवस नव्हता. लिहिणे-वाचणे त्याला आधीच येत होते. ज्या वर्गात त्या दिवशी त्याचे नाव दाखल झाले, तो वर्ग होता इंग्रजी पहिलीचा.

मुंबई इलाख्यात तेव्हा मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी इयत्ता सुरू होत आणि सातवीच्या शेवटी मॅट्रिक येई. मराठी चौथीपर्यंत पोहोचणारी अस्पृश्यांची मुले मोजकी होती, आणि 'इंग्रजी पहिली'चा उंबरठा ओलांडणारी त्याहून मोजकी. म्हणजे आपण जो दिवस प्रवेश दिन म्हणून साजरा करतो, तो नेमकेपणाने पाहिला तर एका महार सुभेदाराच्या मुलाचा इंग्रजीत झालेला प्रवेश आहे. हे ध्यानात आल्यावर या मासिकासाठी इंग्रजीच्या आपल्या इतिहासाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले. त्याला निमित्त घडले ते एका अगदी साध्या प्रश्नाचे. गावाकडच्या मुलांना सुटीत इंग्रजी शिकवावी काय, आणि शिकवायची तर कोणी, कशी, हा प्रश्न आमच्यातील काही कुटुंबांत गेले वर्षभर चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर इतिहासात आयते सापडत नाही. पण प्रश्न नवा नाही, एवढे तरी इतिहास दाखवतो.

आरंभ जोतीरावांपासून करणे भाग आहे. १८४१ ते १८४७ या काळात ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्याआधी लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांची शाळा सोडवली होती आणि मुलगा मळ्यात कामाला लागला होता. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून तो पुन्हा वर्गात बसला. १८४८ साली मुलींची शाळा निघाली. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. आणि १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी फुले दांपत्याने रात्रशाळा काढली. या रात्रशाळेचा उल्लेख चरित्रांत बहुधा एका ओळीत उरकला जातो. आमच्या मते तो एका ओळीचा विषय नाही. शिकायला दिवस मिळत नाही म्हणून रात्र घ्यायची, ही कल्पना आपल्या समाजाच्या शिक्षणात पुढची शंभर वर्षे पुन्हा पुन्हा भेटते.

त्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तो मराठीत आहे. ज्या मुलीच्या आजोबा-पणजोबांना अक्षर दिसणेही निषिद्ध होते, तिने आधी आपल्या भाषेत प्रश्न विचारले, ही गोष्ट इंग्रजीचे गुणगान करताना विसरता येत नाही. तिच्या गुरू सावित्रीबाई मात्र इंग्रजीविषयी फार स्पष्ट होत्या. १८५४ च्या 'काव्यफुले' या त्यांच्या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. परक्या राज्यकर्त्यांच्या भाषेला आई म्हणणे आज काहींना खटकते. पण ज्यांना स्वतःच्या देशातील ज्ञानभाषेने दारात उभे केले नाही, त्यांनी आश्रय देणाऱ्या भाषेला काय म्हणावे, हे दाराच्या आत बसलेल्यांनी ठरवू नये.

दार बंद होते म्हणजे किती बंद होते? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरीही प्रवेश नाकारला गेला आणि सरकारनेही त्या मुलाची बाजू घेतली नाही. १८८२ च्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले ते याच पार्श्वभूमीवर. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळू नये, असे त्यांनी मांडले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांनी दिलेली यादी मोडी-बालबोध लेखनवाचन, हिशेब, व्याकरण, शेतीचे ज्ञान, आरोग्य अशी जमिनीवरची आहे. स्वतः इंग्रजी जाणणारा हा माणूस सर्वांच्या पोरांसाठी पहिला हट्ट धरतो तो मराठी पाटीचा. सुटीतल्या इंग्रजीचा विचार करणाऱ्या आम्हां मंडळींना हे वाचून जरा थांबावे लागले.

आपल्या लोकांत इंग्रजीची पहिली खरी वाट शाळेतून गेली नाही, ती छावणीतून गेली. कंपनीच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. त्यामुळे महार पलटणीतील घरांत बायकांनाही वाचता येई. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. पुढे १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली. तिच्याबरोबर नोकरी गेली, तशी शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत त्या पिढीचे कार्यकर्ते भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जामागून अर्ज का करीत होते, हे केवळ पगाराच्या हिशेबाने समजत नाही. बंदूक गेली हे दुःख होते. पाटी गेली हे त्याहून मोठे होते.

सुभेदारांनी मात्र घरातच पलटणीची शाळा चालू ठेवली. निवृत्तीनंतर मुंबईत परळच्या डबक चाळीतील एका खोलीत कुटुंब राहत होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून जवळजवळ पाठ करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ते शोधायला लावीत. धनंजय कीरांनी चरित्रात त्या खोलीचे वर्णन केले आहे. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच, उशाशी जाते, पायथ्याशी शेळी. माणसे जागी असताना अभ्यासाला जागाच नव्हती. म्हणून मुलाने संध्याकाळीच निजावे, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला उठवून त्याच जागी आपण आडवे व्हावे, असा क्रम ठरला. पुस्तकांना पैसे नसत तेव्हा सासरी गेलेल्या लेकीचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. बाबासाहेबांच्या इंग्रजीची आपण फार स्तुती करतो. तिच्यावर बहिणीच्या दागिन्याचे किती व्याज चढले होते, हे मुलांना सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत हा विषय घेण्याची या मुलाची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे त्याच्या शाळेत देशातली अभिजात भाषा बंद आणि परदेशची खुली, अशी स्थिती होती. इंग्रजीकडे आपले लोक ओढले गेले ते तिच्या गोडीने कमी, आणि उघड्या कवाडाच्या वाऱ्याने अधिक. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाची त्याच्यावर नजर गेली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या आमच्या मुलांचे निकाल पाहून कपाळाला हात लावणाऱ्या पालकांनी हा आकडा भिंतीवर लावावा. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. परीक्षा इंग्रजीतून झाली. बुद्ध मात्र त्याच्या हाती मराठीतून आला.

पुढे बाबासाहेबांनी दोन्ही भाषा कशा वापरल्या, हे पाहण्यासारखे आहे. 'मूकनायक' १९२० मध्ये निघाले आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये. दोन्ही मराठीत, कारण वाचणारा गावकुसाबाहेर बसला होता. सरकारपुढच्या साक्षी, निवेदने आणि बहुतेक ग्रंथ इंग्रजीत, कारण उत्तर द्यायचे ते तेथे बसले होते. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग आहेत, आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरचे वसतिगृह सुरूही झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी लवकर भरत, म्हणजे कारकुनी आणि हमाली करणाऱ्या मुलाला तास संपवून कामावर जाता यावे. १८५५ ची रात्र, डबक चाळीतील पहाटे दोनची वेळ, सिद्धार्थची सकाळ. आपली शाळा नेहमी उरलेल्या वेळेत भरली. भर दिवसाचे तास दुसऱ्यांचे होते.

१९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय निघाले, त्याला मिलिंद हे नाव दिले गेले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा ग्रीक. त्याचे भिक्खू नागसेनांशी झालेले संवाद पाली ग्रंथात आहेत. दोन भाषांचे, दोन जगांचे लोक समोरासमोर बसून, कोणी कोणाला न हिणवता, प्रश्न विचारतात. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या आणि इंग्रजी ऐकून घाम फुटणाऱ्या मुलांच्या महाविद्यालयाला याहून योग्य नाव सुचले नसते. आमच्यातील दोन वडीलधाऱ्यांचे शिक्षण तेथे झाले. वसतिगृहात रात्री दिव्याखाली शब्दकोश पाठ करण्याच्या त्यांच्या आठवणी आम्ही अनेकदा ऐकल्या आहेत. त्यांना उच्चाराची भीती आजही वाटते. चाळीस वर्षे परदेशात काढूनही दूरध्वनीवर ते आधी वाक्य मनात जुळवतात.

येथवरचा इतिहास इंग्रजीच्या बाजूचा आहे. पण आम्ही राहतो त्या भूमीचा इतिहास वेगळा आहे, आणि तो शेजाऱ्यांचा असला तरी आम्हांस दुर्लक्षिता येत नाही. पापाटोएटो हे नाव माओरी आहे. टोएटो नावाचे उंच, तुऱ्याचे गवत जेथे वाढते तो सपाट प्रदेश, असा त्याचा अर्थ. १८६७ च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी हे माध्यम ठरले. मुलांना इंग्रजी यावी ही मागणी त्या काळी अनेक माओरी पालकांनीही केली होती. घरची भाषा तर घरी आहेच, असे त्यांना वाटले. पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना मार बसला, आणि दोन-तीन पिढ्यांत घरातूनही भाषा उठली. १९७२ मध्ये तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला, १९८२ मध्ये भाषेची घरटी म्हणाव्यात अशा कोहांगा रेओ बालशाळा सुरू झाल्या आणि १९८७ मध्ये माओरीला कायद्याने राजभाषेचा मान मिळाला. एक इंग्रजी. सावित्रीबाईंना ती माउली वाटली, आणि येथील आजीच्या तोंडचे शब्द तिनेच काढून घेतले. दोन्ही खरे आहे. भारतात २०१० साली उत्तर प्रदेशातील बांका या गावी इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. त्यामागची वेदना आम्ही जाणतो, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी नव्या देवीपुढे हात जोडावेत, हे आम्हांस पटत नाही. भाषा शिकावी, वापरावी; तिची आरती कशाला?

आता सुटीतील वर्गांकडे वळू. याबाबत कोरियाचा अनुभव जवळचा वाटतो. तेथे इंग्रजीसाठी खाजगी शिकवण्यांचे, म्हणजे हागवॉनचे, केवढे प्रस्थ आहे हे ऑकलंडमध्ये कोरियन शेजार असलेल्यांना ठाऊक आहे. मुलांना घेऊन आई येथे राहते आणि वडील तिकडे कमावतात, अशी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. ज्यांना हागवॉनही परवडत नाही आणि परदेशही, अशा खेड्यांतील मुलांसाठी कोरियन शासनाने २००८ मध्ये टॉक या संक्षिप्त नावाचा कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील महाविद्यालयीन तरुणांना, त्यांत परदेशी वाढलेल्या कोरियन मुलामुलींनाही, ग्रामीण प्राथमिक शाळांत शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांना पाठवले जाई. न्यूझीलंडचाही त्या देशांत समावेश होता. तो कार्यक्रम आता बंद झाला आहे. पण शासनाने प्रवासखर्च आणि विद्यावेतन देऊन स्थलांतरितांच्या मुलांना आजोबांच्या गावच्या शाळेत उभे केले, ही कल्पना आम्हांस मोहवणारी वाटली.

आमच्या बैठकीत त्यावर मतभेद झाले, ते येथे नोंदवणे योग्य. तरुणांचे म्हणणे, आपणही जाऊ. ज्येष्ठांपैकी एका भगिनीने विचारले, कधी जाल? येथील मोठी सुटी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत; महाराष्ट्रात तेव्हा शाळा भरलेल्या असतात. तिकडची सुटी मे महिन्यात. तेव्हा येथे दुसरे सत्र ऐन भरात. एप्रिलची आमची दोन आठवड्यांची सुटी बहुधा भीमजयंतीला गाठते खरी, पण तेव्हा तिकडे परीक्षा चालू किंवा नुकत्याच संपलेल्या. दोन गोलार्धांच्या सुट्या एकमेकींना चुकवीत फिरतात. दुसरा आक्षेप त्याहून जड होता. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवणारे शिक्षक आहेत, वर्षभर तेच उभे असतात. दोन आठवड्यांसाठी परदेशी उच्चाराचा एक पाहुणा येऊन गाणी म्हणवून गेला, तर मुलांना गंमत वाटेल आणि त्या शिक्षकाचा उच्चार मात्र वर्षभर हास्यास्पद ठरेल. हा आक्षेप घेणारे गृहस्थ स्वतः त्याच शाळांतून आलेले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा होता, पण ते चुकत होते असे आम्हांस वाटत नाही.

मग ठरले ते लहानसेच. विदर्भातील एका वस्तीत मुलांचा वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेशी बोलून रविवारी सकाळी नऊ वाजता, तिकडच्या वेळेने, पडद्यावरून एक तास. धडा त्या ठरवतात, वर्ग त्या चालवतात; आमची मुले केवळ संवादाला बसतात. येथे उन्हाळ्यात तेव्हा दुपारचे साडेचार होतात, हिवाळ्यात साडेतीन. आरंभी संध्याकाळी सातची वेळ सुचवली गेली होती. ती आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अडीचची ठरते. सुभेदारांच्या वेळेच्या इतके जवळ जाण्याची तयारी आमच्या एकाही मुलाने दाखवली नाही.

या वर्गातून जे लक्षात आले ते आम्ही अपेक्षिले नव्हते. आमची मुले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी लिहिला त्याच भाषेत, मुळातून वाचू शकतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेले इंग्रजी खंड त्यांना उघडे आहेत. पण वामनदादा कर्डकांचे गाणे लागले की ती आमच्या तोंडाकडे पाहतात. पडद्यापलीकडच्या मुलांची स्थिती बरोबर उलटी: वामनदादा तोंडपाठ, खंड बंद. कोलमार रोडवर पंजाबी ऐकू येते, फिजीकडची हिंदी ऐकू येते. मराठी फक्त आमच्या दाराच्या आत, आणि आतही आता जेवणापुरती. गावाकडच्या मुलांना इंग्रजी देण्यास आम्ही बसलो होतो आणि देण्याघेण्याचा हिशेब दुसरीकडूनच लिहिला जाऊ लागला.

जूनमधील एका रविवारी धडा घरातील वस्तूंचा होता. तिकडच्या एका मुलीने विचारले, जात्याला इंग्रजीत काय म्हणतात? आमच्या बाजूला बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला आधी जाते म्हणजेच काय ते ठाऊक नव्हते. त्याला जात हा शब्द माहीत होता, आणि तो गोंधळून आईकडे पाहू लागला. तेव्हा मागे कोचावर बसलेल्या त्याच्या आजी पुढे आल्या. त्यांनी दोन तळहात एकावर एक ठेवून गोल फिरवले, एक ओवी अर्धी म्हटली आणि थांबल्या. पलीकडच्या मुलींनी ती पुरी केली. शिक्षिकेने फळ्यावर 'ग्राइंडस्टोन' लिहिले, त्याखाली 'जाते' लिहिले, आणि दोन्हीकडच्या मुलांनी ते दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले.